त्रेसष्टच्या पुढे

झाशी
१२ जानेवारी २०२५

सौ. शिल्पाताई यांस सादर नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी कमलाकर हर्डीकर. आमचं घराणं सात पिढ्या झाशीतच आहे आणि मी बिजौलीच्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तुमचा अकोल्याचा पत्ता उषाताई लिमयांकडून मिळाला. तुमचे वडील नारायणराव वाकोडे इथे रेल्वेत होते तेव्हापासूनची त्यांची ओळख. तुमच्या लग्नाची पत्रिका त्यांनी अजून ठेवली आहे. माझी मराठी घरात बोलण्यापुरती. लिहिताना हिंदी घुसते, तेवढं सांभाळून घ्या.

आता कामाचं. मला व्हिडिओ गेमचा नाद आहे. वय छप्पन्न, तरी आहे. मोठ्या कंपन्यांचे गेम नाही खेळत. कुणी एकटा माणूस नोकरी सांभाळून, दोन-चार वर्षं खपून बनवतो ते. त्यांना इंडी गेम म्हणतात. त्यांत लपवून ठेवलेल्या गोष्टी शोधणं हा माझा छंद. मोठ्या गेममध्येही गुपितं असतात, पण ती गंमत म्हणून ठेवलेली. आठ दिवसांत कुणीतरी शोधून जगभर सांगून मोकळा होतो. एकट्या माणसाने लपवलेलं वेगळं. ते सापडावं असंही त्याला वाटत असतं आणि सापडू नये असंही. एका गेममध्ये मी अंगणातल्या विहिरीवरून कितीदा गेलो असेन. एकदा नुसताच थांबून आत डोकावलो, तर तळाशी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो आणि खाली एक तारीख. बाकी काही नाही. 

माझी रीत साधी आहे. गेम जे करू नको म्हणतो ते करून पाहायचं. जिथे करण्यासारखं काही नाही तिथे थांबायचं. वहीत चौकटी आखून प्रत्येक जागेचा नकाशा काढायचा. सकाळी पाच ते सात हे माझं काम, मग आंघोळ.

ऑक्टोबरात एक गेम मिळाला. नाव 'शंभर', इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. बनवणाऱ्याचं नाव नुसतं 'एम'. खेळणारे सगळे मिळून दोनशेही नसतील. दुपारची वेळ, रेल्वेचे क्वार्टर्स, मागे रूळ आणि उभे मालडबे. लपाछपी चाललीय. एक मुलगी आकडे मोजते आणि आपण लपायचं. पण शोधायला कुणी येतच नाही. थोड्या वेळाने पडदा काळा होतो, पुन्हा पहिल्यापासून. लोक दहा मिनिटांत कंटाळून सोडून देतात. मी सोडला नाही, कारण मोजणारी मराठीत मोजत होती, आणि लांबवर टेकडीवर जो किल्ला दिसत होता तो आमचा.

ती मुलगी त्रेसष्टपर्यंत मोजते आणि थांबते. पुढे फक्त पंख्याचा आवाज.

दोन महिने लागले मला आत जायला. एका लपवलेल्या वाटेने क्वार्टरच्या आत पोचता येतं. तिथे फळीवर एक वही आहे. तिच्यावर नाव आहे: शिल्पा नारायणराव वाकोडे, कक्षा सात.

हा गेम कोणी बनवला, तुम्हाला ठाऊक आहे का? ती वाट कशी उघडते हे मी या पत्रात लिहीत नाही. आधी तुमची परवानगी असावी असं वाटतं.

आपला,
कमलाकर हर्डीकर


अकोला
६ फेब्रुवारी २०२५

श्री. कमलाकरजी,

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे होतील. पहिल्यांदा वाटलं कुणीतरी छळायला लिहिलंय. मग उषाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, माणूस सरळ आहे, जरा वेडा आहे. म्हणून लिहिते. फोन नंबर मुद्दाम देत नाही. या विषयावर मला तोंडाने बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

ती वही माझी. मोजणारीही मीच.

मे १९९६ ची गोष्ट. मी बारा वर्षांची, भाऊ मार्तंड नऊचा, धाकटी स्वराली सहाची. आई दुपारी पडली होती. आम्ही तिघं मागे लपाछपी खेळत होतो, राज्य माझ्यावर होतं. त्रेसष्टपर्यंत मोजलं आणि मला कंटाळा आला. ऊन होतं, तहान लागली होती. मी घरात येऊन पाणी प्यायले आणि पंख्याखाली गोष्टीचं पुस्तक घेऊन बसले. थोड्या वेळाने मार्तंड आला, गप्प बसून राहिला. आईने उठल्यावर विचारलं, स्वराली कुठे? मी म्हटलं, असेल इथेच. स्वराली परत आली नाही.

पिवळ्या फ्रॉकची मुलगी लक्ष्मी ताल या तलावाच्या वाटेने जाताना पाहिल्याचं कुणी सांगितलं. दर शुक्रवारी आई आम्हाला तिथे महालक्ष्मीला न्यायची, स्वरालीला पायऱ्यांवर बसून मासे बघायला आवडायचं. म्हणून सगळ्यांना पटलं. चार दिवस तलावात माणसं उतरली. काही मिळालं नाही. तळाला गाळ आहे म्हणाले.

वर्षभरात बाबांनी बदली मागून घेतली. आई माझ्याशी वाईट वागली नाही. फक्त माझ्याकडे बघायची बंद झाली. ताट वाढताना, लग्नात, माझी मुलगी झाली तेव्हाही. बारा वर्षांपूर्वी गेली. बाबा त्याच्याही आधी.

मी त्रेसष्टला थांबले हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही शंभर म्हणून सांगितलं होतं. ते ठाऊक असणारा एकच माणूस, ज्याने लपलेल्या जागेवरून ऐकलं असेल. मार्तंड इंदूरला असतो, कॉम्प्युटरचं काम करतो. एकटा आहे. दिवाळीला फोन करतो, दोन मिनिटं. तो गेम बनवतो हे मला माहीत नव्हतं.

ती वाट कशी उघडते ते लिहा. काहीही वगळू नका.

शिल्पा गावंडे


झाशी
१७ फेब्रुवारी २०२५

शिल्पाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी कारखान्यात वाचलं आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी आलो. आत काय आहे ते मला डिसेंबरपासून माहीत होतं, पण मी त्याला गेम समजत होतो. कुणीतरी रचलेली भीतीची गोष्ट. तुम्ही वगळू नका म्हणालात म्हणून लिहितो. शेजारी कुणी असेल तेव्हाच वाचा.

गेममध्ये एक लहान मुलगी आहे. पिवळा फ्रॉक. तोंड नीट दिसत नाही. ती सारखी आपल्या मागे येते. पडद्यावर लिहून येतं की ती बरोबर असली तर तू सापडशील, तिला चुकव. सगळे तेच करतात. मीही साठ-सत्तर वेळा तेच केलं. मग एका सकाळी वाटलं, हिला चुकवण्याऐवजी हिलाच लपवलं तर?

ती हात देते. कुठेही नेलं की मान हलवते, नको म्हणते. मालडब्यांशी नेलं की हसते. तिसऱ्या डब्याच्या दाराचा एक पल्ला उघडा आहे. तिला पायरी पुरत नाही, उचलावं लागतं. आत गेल्यावर ती म्हणते, "दार लाव." एवढं एकच वाक्य. दार लावण्यासाठी बटण येतं. लावलं की कडी आपोआप खाली पडते, तिचा आवाज येतो. पुन्हा उघडायचं बटण नाही. मी खूप शोधलं ताई, नाहीच.

तोवर त्रेसष्ट झालेले असतात. पण आता पडदा काळा होत नाही. दुपार चालूच राहते. क्वार्टरचं दार उघडं असतं. आत तुमची वही, पंखा, माठ. मागे डबे हलल्याचा आवाज येतो. बाहेर जाऊन बघितलं तर रूळ मोकळे. ज्या टोकाला डबे गेले तिथे पाटी आहे, कानपूरची.

घरात परत आलं की स्वयंपाकघरातून बाईचा आवाज येतो: "मार्तंडा, स्वराली कुठंय?"

इथे उत्तर द्यायला काही नाही. एकही कळ चालत नाही. थोड्या थोड्या वेळाने तोच प्रश्न येतो. मी एकदा दीड तास बसून राहिलो, पुढे काही असेल म्हणून. काही नाही. कॉम्प्युटरच बंद करावा लागतो.

माझ्या वहीत या पानावर मी लाल शाईने 'सापडलं' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आज त्या पानाकडे बघवत नाही.

कमलाकर


अकोला
३ मार्च २०२५

कमलाकरजी,

पत्र पोचलं. मी शाळेत शिकवते, दोन दिवस गेले नाही. घरी ताप आहे म्हणून सांगितलं.

एकोणतीस वर्षं आम्ही पाण्यात शोधत होतो. त्याला माहीत होतं. त्या संध्याकाळी माणसं तलावाकडे धावली तेव्हा तो ओट्यावर बसला होता, मी पाहिलंय. तो तोंड उघडता तर पुढच्या स्टेशनला गाडी थांबवली असती. आईने माझ्याकडे बघितलं असतं. आणि इतक्या वर्षांनी त्याने हे सांगितलं कुणाला, तर जगातल्या दोनशे अनोळखी माणसांना, तेही मराठी न कळणाऱ्यांना.

मी त्याला फोन केलेला नाही. मला आधी बाकीचं कळायला हवं. डबे कुठे गेले, ते तुम्ही शोधू शकाल का? तुम्हाला शोधायची सवय आहे. ती सवय आता माझ्यासाठी वापरा. जे मिळेल ते जसंच्या तसं सांगा.

शिल्पा


झाशी
२२ एप्रिल २०२५

शिल्पाताईंना नमस्कार.

उशीर झाला, पण हातात काही नसताना लिहायचं नव्हतं. इतक्या जुन्या डब्यांचा कागद कुठे मिळणार? मी विचार केला, मे महिना म्हणजे गहू. रिकामे डबे कानपूरच्या बाजूला गेले असतील तर मंडीचा माल भरायलाच. म्हणून सहा रविवार कानपूरच्या वाटेवरच्या मोठ गावच्या रस्त्याने फिरलो. मंडीतले जुने हमाल, आढतिये, स्टेशनजवळचे चहावाले, सगळ्यांना एकच प्रश्न. लोक मला पोलिसातला समजायला लागले.

सातव्या रविवारी मंडीत एका बाईने विचारलं, भैया, बिटिया के चबूतरे की बात कर रहे हो क्या?

मोठच्या पुढे एक बारकं स्टेशन होतं, आता बंद आहे. रुळांपासून थोड्या अंतरावर बाभळीखाली हातभर उंचीचा चबूतरा आहे. गावच्या बायका त्यावर बांगड्या वाहतात. लेकरू आजारी पडलं की तिथे दिवा लावतात. गावात बिटिया म्हणूनच ओळखतात, नाव कुणाला ठाऊक नाही. ज्यांनी तिला तिथे ठेवलं ते हरदासजी, तेव्हाचे पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, गावातच आहेत. वय ऐंशीच्या पुढे, पण दिमाग साफ.

ते म्हणाले, डबे दोन दिवस बाजूच्या रुळावर उभे होते. माल भरायला दार उघडलं तेव्हा मुलगी मिळाली. पिवळा फ्रॉक. ठाण्यात नोंद केली, कुणी शोधत आलं नाही. झाशीत सगळे तलावात बघत होते. मोठकडे कुणी विचारलं नाही आणि तिकडून झाशीला कुणी कळवलं नाही. लहान म्हणून तिला जाळलं नाही, मातीत ठेवलं. वर दगड हरदासजींनी स्वतः रचले.

ताई, ती झोपेतच गेली. बंद डब्यातल्या उन्हाने आधी गुंगी येते, मग काही कळत नाही. पहिल्या तासातच झालं असेल. हे मनाशी धरून ठेवा.

मी तुमच्या नावाने तिथे दिवा लावला.

कमलाकर


अकोला
२९ मे २०२५

कमलाकरजी,

मी जाऊन आले. झाशीत उतरले, पण तुमच्याकडे आले नाही. स्टेशनवरूनच टॅक्सी करून मोठच्या रस्त्याला लागले. तुमच्या पत्रात एक वाक्य दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं. तुम्ही प्रत्येक गोष्टीला कुणी सांगितलं ते लिहिता. 'पहिल्या तासातच झालं असेल' याला कुणाचं नाव नव्हतं.

हरदासजी खाटेवर बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर उठले आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरले तर म्हणाले, आमच्याकडे मुलींच्या पाया पडतात. मग त्यांनी सगळं सांगितलं. तुम्हालाही हेच सांगितलं होतं म्हणाले.

पहिल्या सकाळी त्यांना डब्यातून ठोकल्याचा आवाज आला. त्या दिवसांत माकडं डब्यांवर नाचायची, त्यांना वाटलं माकडंच. दुपारी पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी नाही आला. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा ती दारापाशीच होती. आणि जिवंत होती. त्यांनी तिला खाली घेतलं, ओंजळीने पाणी पाजलं. दोन घोट गेले. तिने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि काहीतरी बोलली. मग मान टाकली.

"क्या बोली थी?" मी विचारलं.

"साईं का नाम लिया था, बिटिया. साईं... छुट्टो. ऐसा कुछ."

म्हणून ते एकोणतीस वर्षं दर गुरुवारी त्या दगडांपाशी उदबत्ती लावतात. त्यांना वाटलं, साईबाबांना मानणाऱ्या घरची पोर आहे.

मी त्यांना खरं सांगितलं. म्हटलं, आमच्या लपाछपीत लपलेला गडी राज्य असणाऱ्याच्या हाती न लागता सुटला की ओरडतो, साईसुट्ट्यो. म्हणजे मी सुटले. मला कुणी पकडलं नाही.  म्हातारा माणूस म्हणाला, तर ती खेळतच होती.

कमलाकरजी, मी जसंच्या तसं मागितलं होतं. तुम्ही कोण ठरवणारे, मला किती झेपेल ते?

शिल्पा


झाशी
७ जून २०२५

शिल्पाताई,

माझी चूक झाली. जगभरच्या अनोळखी माणसांनी लपवलेलं उघडं करून मी वह्या भरल्या, आणि पहिल्यांदाच जे कुणी माझ्याकडे विश्वासाने मागितलं ते लपवलं. त्या दिवशी चबूतऱ्यापासून परत येताना वाटेतच ठरवलं होतं की हे तुम्हाला लिहायचं नाही. माफी मागतो. पण खरं सांगू? पुन्हा वेळ आली तर बहुतेक पुन्हा तसंच लिहीन.

मार्तंडभैयांना तुम्ही काय सांगणार?

कमलाकर


इंदूर
२ ऑगस्ट २०२५

कमलाकरजी,

रागाने लिहिलेल्या पत्राचं उत्तर तुम्ही सरळ दिलंत, म्हणून मीही सरळ लिहिते. मी मार्तंडकडे आहे. आज सहावा दिवस.

त्याला सगळं सांगायचं म्हणूनच आले होते. ठोकण्याचा आवाज, दुसरी संध्याकाळ, पाणी. अकोल्यापासून इंदूरपर्यंत वाक्यं जुळवत आले. त्याने मला एकोणतीस वर्षं जे वागवायला लावलं ते त्याच्या अंगावर टाकायचं आणि परतीच्या गाडीत बसायचं. मनात दुसरं काही नव्हतं.

त्याची दोन खोल्यांची जागा आहे. आतल्या एकाही दाराला पल्ला नाही. बिजागऱ्या आहेत, पल्ले काढून गॅलरीत उभे केलेत. न्हाणीला पडदा. कपाटही उघडं. बाहेरचं दार तेवढं आहे, त्याची आतली कडी काढून टाकलीय. मी येणार म्हणून त्याने नवीन चादर आणली होती. केस सगळे पांढरे झालेत कमलाकरजी, अडतीस वर्षांच्या माणसाचे.

मी सांगायच्या आधीच त्याला कळलं. म्हणाला, कुणीतरी शेवटपर्यंत गेलं ना? चार वर्षं लागली त्याला ते बनवायला. उत्तराची जागाही त्याने बनवून पाहिली होती. आईच्या प्रश्नाला काय म्हणायचं, याची कितीतरी वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी जागाच काढून टाकली. त्या दिवशी तो घाबरला होता, एवढंच. पहिल्यांदा वाटलं स्वरालीला मार बसेल, मग वाटलं आपल्याला बसेल. मग लोक तलावाकडे धावले आणि त्यालाही वाटायला लागलं की ती तलावातच असेल. मोठ्या माणसांना माहीत असतं, असं वाटलं म्हणाला. खरं काय ते कळेपर्यंत तो पंधरा वर्षांचा झाला होता.

मी चबूतऱ्याचं सांगितलं, हरदासजींचं सांगितलं. तो ऐकत होता. मग त्याने एकच विचारलं.

"ताई, ती हाका मारत होती का?"

माझ्याकडे वाक्य तयार होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "डबे हलायच्या आधीच तिला झोप लागली होती. उन्हाने. काही कळलंच नाही तिला."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. नजर खाली केली असती तर संपलं होतं. मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि तसाच लवंडला. सकाळी अकरा वाजता झोपला तो संध्याकाळी सहाला उठला. मी भात लावला, वरण केलं. दोघं जेवलो. आईबद्दल बोललो, पहिल्यांदाच.

मी त्याला माफ केलं असं समजू नका. ते होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण तो आवाज मी एकटीने ऐकला तरी पुरे.

आता तुमच्याकडे मागणं आहे. त्याला चबूतरा बघायचाय. मी बरोबर येऊ शकणार नाही, शाळा आहे, आणि दुसऱ्यांदा तिथे उभं राहण्याचं बळही नाही. तुम्ही न्याल का त्याला? आणि त्याआधी हरदासजींना भेटाल का? त्या माणसाने एकोणतीस वर्षं तिची राखण केली, त्याला खोटं बोला म्हणणं मला जड जातंय. तरी म्हणते.

शिल्पा


झाशी
९ सप्टेंबर २०२५

शिल्पाताईंना नमस्कार.

परवा रविवारी मार्तंडभैयांना घेऊन गेलो. शनिवारी ते आमच्याकडेच उतरले होते. बायकोने कढी-भात केला, त्यांनी दोनदा मागून घेतला. माझ्या वह्या पाहिल्या. 'शंभर'चं पान मी फाडलेलं नाही, पण ते लाल 'सापडलं' खोडलं आहे. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि पान उलटलं. तो गेम त्यांनी साइटवरून काढून टाकलाय, तुम्हाला बोलले असतील.

हरदासजींकडे मी आठ दिवस आधी जाऊन आलो होतो. तुमचं म्हणणं सांगितलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बिडी विझेपर्यंत बसून राहिले आणि मग म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले. त्यामुळे रविवारी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मार्तंडभैयांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काही विचारलं नाही. हरदासजी आपणहून बोलले, "सो रही थी, भैया. हमने दरवाज़ा खोला तो ऐसे सो रही थी जैसे अपने घर में." बोलताना त्यांचा हात भैयांच्या डोक्यावर होता.  

मग आम्ही चबूतऱ्यापाशी गेलो. हरदासजी मागेच राहिले. पावसाने गवत कमरेपर्यंत वाढलं होतं, भैयांनी ते दोन्ही हातांनी उपटून जागा मोकळी केली. मी मदतीला गेलो तर नको म्हणाले. तेवढ्यात गावातल्या दोन बायका बांगड्या घेऊन आल्या, धाकटीच्या कडेवर तापलेलं मूल होतं. अनोळखी माणूस बिटियाच्या दगडांना हात लावतोय म्हणून त्या जरा लांबच थांबल्या. मग मोठीने आवाज दिला, तुम कौन हो, भैया?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण मार्तंडभैयाच उठून उभे राहिले. हाताला चिखल होता, तो पँटला पुसला.

"स्वराली नाम है इसका," ते म्हणाले. "मैं इसका भाई हूँ. मैंने ही इसे छिपाया था."

 मोठी पुढे आली, बांगड्या त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाली, तो आप ही चढ़ा दो.

त्यांनी बांगड्या एकेक करून दगडावर ठेवल्या. धाकटीने कडेवरचं मूल खाली उतरवलं, त्याचं डोकं चबूतऱ्याला टेकवलं आणि नाव घेऊन सांगितलं की स्वराली दीदीला नमस्कार कर.

तुमचा,
कमलाकर